चिंचोक्यांचे पाढे

मुलांनो, पूर्वी घरोघरी दिवेलागणीला परवचा होत असे. देवापुढे दिवा लागला, की मुले मांडी घालून ओळीने बसत आणि पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी तालावर म्हणत. या पाठांतराचा व्यवहारात फार उपयोग होई. परंतु नुसत्या पाठांतराला एक खोड असते. ‘साती आठे किती?’ असे मध्येच विचारले, म्हणजे मूल ‘सात एके सात’पासून पुन्हा आरंभ करते, आणि वाटेत एक पायरी चुकली, की पुढचे सारेच चुकते. तुमच्या घरी असे अडखळणारे धाकटे भावंड असेल, तर त्याला हसू नका. त्याच्याशी चिंचोक्यांचा खेळ मांडा.

पाळीपाळीने मूठभर चिंचोके घ्यावेत, मोजावेत आणि सारख्या ओळींत मांडावेत. एकच ओळ चालत नाही, आणि एकही चिंचोका उरता कामा नये. जितक्या निरनिराळ्या मांडण्या साधतील, तितके गुण. २४ आले, तर १२ च्या दोन ओळी, ८ च्या तीन, ६ च्या चार. म्हणजे तीन गुण झाले. २३ आले, तर कितीही खटपट करा, गुण शून्य! अशा हट्टी संख्यांना मूळ संख्या म्हणतात.

आता पाटावर ७ च्या ८ ओळी मांडा आणि पाटाच्या शेजारच्या बाजूला येऊन बसा. तुमच्यापुढे ८ च्या ७ ओळी दिसतील. एकही चिंचोका हललेला नाही. तेव्हा साती आठे आणि आठी साती ही दोन वेगळी ओझी नव्हेत. पाठांतर टाकून द्यावे, असे मात्र मी म्हणत नाही. भाजीवाल्यापुढे चिंचोके कोण मांडत बसणार?

तेथे हाताची बोटे उपयोगी पडतात. ६ ते ९ या संख्यांसाठी, पाचाहून जेवढे अधिक, तेवढी बोटे मिटावीत. ७ साठी एका हाताची २, ८ साठी दुसऱ्या हाताची ३. मिटलेल्या ५ बोटांचे प्रत्येकी दहा धरून ५० झाले. उघडी राहिली एका हातास ३ व दुसऱ्यास २. त्यांचा गुणाकार ६. मिळून ५६. याला पाचाच्या आतले पाढे पुरतात. ९ × ९ करताना तर प्रत्येक हाताचे एकेकच बोट उघडे राहते: मिटलेल्या ८ बोटांचे ८०, आणि उघड्या दोघांचे एक एके एक.