चोचीतला घास अडवू नका

पक्षी पाहायला निघणाऱ्यांच्या पिशवीत पूर्वी एक दुर्बीण, पक्षितज्ज्ञ सालिम अलींचे पुस्तक आणि वही-पेन्सिल एवढेच असायचे. आता मोबाइलवर आवाजावरून पक्षी ओळखून देणारे ॲप असते, मिररलेस कॅमेरा आणि लांब लेन्स असते, ब्लूटूथ स्पीकर असतो, क्वचित कुणाकडे ड्रोनही असतो. यातली बरीच साधने मी वापरतो. त्यांच्यामुळे मला कितीतरी पक्षी नव्याने कळले, हे मोकळेपणाने सांगतो. पण एका पावसाळ्यात कोकणात जे पाहिले, त्यानंतर आमच्यात कुणी नवे आले की लेन्स कोणती घ्यावी हे सांगण्याआधी मी त्याला तिथली हकिगत सांगतो.

तिबोटी खंड्या हा चिमणीहूनही लहान पक्षी. जांभळा, नारिंगी, निळा असे रंग त्याच्या अंगावर एकवटलेले. पाऊस लागला की तो कोकणातल्या ओढ्याकाठच्या दाट झाडीत वीण करतो. ओढ्याच्या काठात किंवा रस्त्यासाठी कापलेल्या मातीच्या दरडीत नर-मादी मिळून बोगद्यासारखे बीळ खणतात. आम्ही पाहिलेले बीळ अशाच एका दरडीत होते. अंड्यांतून पिल्ले बाहेर आली होती आणि आई-बाप दिवसभर पाली, सापसुरळ्या, छोटे बेडूक, खेकडे आणून त्यांना भरवत होते.

या बिळाचे लोकेशन आधीच्या आठवड्यात कुणीतरी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले होते. तिथून ते दुसऱ्या ग्रुपवर गेले, तिसऱ्यावर गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग होती. दरडीसमोर ट्रायपॉड मांडलेले, ढगाळ उजेड म्हणून फ्लॅश चालू, आणि पक्षी समोरच्या फांदीवर यावा म्हणून एकाने स्पीकरवर त्याचाच आवाज लावलेला.

पक्षी आला. चोचीत सापसुरळी होती. फांदीवर बसून तो मान वरखाली करत राहिला, दोनदा बिळाच्या दिशेने झेपावला आणि दोन्ही वेळा माघारी वळला. कॅमेऱ्यांचा खडखडाट चालूच होता. घास घेऊन बसलेला पक्षी इतका वेळ समोर स्थिर बसतो, याचाच सगळ्यांना आनंद झाला होता. वरच्या वाडीतली एक आजी डोक्यावर इरलं घेऊन बाजूला उभी होती. ती म्हणाली, “त्याला आत जाऊ द्या हो. पोरं भुकेली असतील.”

आम्ही सगळ्यांना मागे सरकायची विनंती केली. काहींनी लगेच ऐकले, काहींना ते रुचले नाही. पुढच्या फेरीत पाहिले तर बीळ ओस पडले होते. पिल्ले उडायची वेळ अजून झालेली नव्हती. त्यांना सापाने खाल्ले असेल, घोरपडीने उकरले असेल, पावसाने माती ढासळली असेल. सगळा दोष गर्दीच्या माथी मारायला माझ्याकडे पुरावा नाही. पण त्या सकाळी पिल्लांचा घास माणसांमुळे बाहेर अडला होता, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पुढचे सगळे सांगणे त्यातूनच आले आहे.

पक्ष्याचे वागणे वाचा

आपण फार जवळ आलो आहोत हे कुठलेही यंत्र सांगत नाही, पक्षी सांगतो. चोचीत घास असून तो घरट्यात जात नसेल, तर तुमच्यामुळे तो थांबला आहे असे समजा आणि मागे फिरा. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर तिची अंडी किंवा पिल्ले तुमच्या पायांच्या आसपास आहेत. आल्या पावलाने, खाली बघत परत या. चरणारा पक्षी चरणे सोडून मान उंच करून तुमच्याकडे बघू लागला, की त्यापुढे पाऊल टाकू नका. घरट्यासमोरची डहाळी फोटोत आडवी येते म्हणून कधीही मोडू नका. त्याच डहाळीमुळे घरटे शिक्र्याच्या आणि कावळ्याच्या नजरेपासून लपलेले असते.

आवाज ऐका, ऐकवू नका

आवाज ओळखणारे मर्लिनसारखे ॲप शिकणाऱ्याला फार उपयोगी आहे. आपल्या भागाची माहिती आधी डाउनलोड केली, तर रेंज नसलेल्या जंगलातही ते चालते. मात्र त्याने दाखवलेले नाव ही सूचना समजा, नोंद नव्हे. भृंगराज इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. एकदा ॲपने शिक्रा दाखवला, आणि दुर्बिणीतून पाहिले तर फांदीवर भृंगराज होता. पक्षी दिसल्याशिवाय किंवा आवाजाची पक्की ओळख असल्याशिवाय यादीत नाव लिहू नका.

आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे मात्र पूर्ण टाळा, विणीच्या हंगामात तर नक्कीच. नराला वाटते की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो चरणे आणि पिल्लांना भरवणे सोडून नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. नवरंग, घुबडे, रातवे यांच्या जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे दर शनिवार-रविवारी नवा गट येऊन तोच आवाज लावतो. प्रत्येकाला वाटते आपण एकदाच लावला. त्या पक्ष्याला तो पहाटेपासून ऐकावा लागतो.

लोकेशन जपा

फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल, तर फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांशही साठतात. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ही नोंद त्याच्यासोबत जाते. सहलीला निघण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा. घरट्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकूच नका. पक्ष्याचा टाकायचा असेल तर तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे नाव पुरे, आणि तेही वीण आटोपल्यावर. ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर संवेदनशील पक्ष्यांच्या नेमक्या जागा सर्वांना दाखवल्या जात नाहीत, त्यामुळे अभ्यासासाठीची नोंद तिथे जरूर करा. आणि हे लक्षात असू द्या की वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणेही येते.

फ्लॅश, ड्रोन आणि नाव

घरट्यावर फ्लॅश नको, आणि रात्री घुबडाच्या डोळ्यांवर टॉर्चचा झोत धरून ठेवणे नको. ड्रोन घरीच ठेवा. पाणपक्ष्यांना वरून येणारी घरघरती वस्तू शिकारी पक्ष्यासारखी वाटते आणि सगळा थवा उठतो. अभयारण्यात तर परवानगीशिवाय तो उडवताही येत नाही. भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर नावेतून जाताना “दादा, जरा उडवा की थवा” असे नावाड्याला सांगणारे लोक मी ऐकले आहेत. तिथे हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून आलेले असतात आणि त्यांना तसेच परत जायचे असते. त्या प्रवासासाठी लागणारी चरबी ते इथे चरून साठवतात. प्रत्येक विनाकारण उड्डाण त्या शिदोरीतून जाते. नावाड्याला उलट सांगा: लांबूनच थांबवा, इंजिन बंद करा, जास्त वेळ थांबू. पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ बसलात, तर थवे पुष्कळदा आपणहून जवळ सरकतात.

खरेदी कशी करावी

पहिला पैसा दुर्बिणीवर घाला. ८×४२ ही दुर्बीण बहुतेकांना पुरते. आठ म्हणजे किती पट मोठे दिसणार, आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची दुर्बीण हातात जास्त हलते आणि तिच्यात दिसणारा परिसर सहसा अरुंद असतो, त्यामुळे झाडीत भिरभिरणारा लहान पक्षी सापडायला वेळ लागतो. चष्मा असेल तर तो लावूनच दुकानात पारखून घ्या. कॅमेरा वर्षभराने घेतला तरी चालेल. तोवर पक्षी कुठे बसतो, काय खातो, कधी बोलतो हे कळू लागते, आणि मग फोटोही चांगला येतो. नवे यंत्र सहलीच्या दिवशी पहिल्यांदा उघडू नका. आधी आठवडाभर घराच्या खिडकीतून बुलबुल, दयाळ, साळुंक्या यांच्यावर हात बसवा.

आपल्या पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागते आणि दुरुस्ती महाग पडते. भिजून आलात की साधने पुसून मोकळ्या हवेत वाळू द्या, मग सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. ओली दुर्बीण बंद पिशवीत ठेवून कपाटात टाकू नका. सुट्या बॅटऱ्या उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नका. जंगलात फोनवर सगळा भार नको: एक कागदी वही असू द्या आणि परतीची वाट डोक्यात असू द्या.

५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. शाळा-कॉलेजातली अनेक मुले तेव्हा पहिल्यांदा पक्षी पाहायला बाहेर पडतात आणि मोठी माणसे करतात तेच उचलतात. सहल नेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: निघण्याआधी दहा मिनिटे काढून त्यांना सांगा की आवाज वाजवायचा नाही, घरट्याची जागा सांगायची नाही, आणि घास घेऊन आलेल्या पक्ष्याची वाट अडवायची नाही. मुलांच्या हातात दुर्बीण त्यानंतरच द्या.