'प्लीज' लावलं की झालं?

मी कॉन्व्हेंटची, म्हणून सबमिशन आलं की होस्टेलवर हमखास विचारणा होते, "मराठी न येणाऱ्या सरांकडे मुदत कशी मागू गं?" वाक्य जुळेना म्हणून केबिनच्या दारातून परत फिरणारे आणि मार्क घालवणारेही आहेत.

मराठीत "द्याल का सर?" म्हटलं की आदर क्रियापदातच येतो. इंग्रजीत तू-तुम्ही सगळं 'यू'. पूर्वी 'दाऊ' होतं, ते सतराव्या शतकात प्रमाण भाषेतून मागे पडलं. मग आदर येतो प्रश्नातून आणि 'कुड', 'वुड'सारख्या भूतकाळी रूपांतून. 'प्लीज गिव्ह मी टू डेज' हा प्लीज लावूनही हुकूमच. 'कुड आय हॅव टू मोअर डेज, सर?' यात सरांना नाही म्हणायला जागा राहते. सगळी गंमत त्या जागेत आहे.

खरा घोळ 'वुड यू माइंड'चा. 'वुड यू माइंड होल्डिंग धिस प्रोब?' म्हणजे प्रोब धरायला हरकत आहे का? धरणार असाल तर उत्तर 'नो, नॉट ॲट ऑल'! नुसतं 'येस' म्हणजे 'हो, हरकत आहे'. गोंधळ उडाला तर 'शुअर' म्हणा, सुटलात.

मदत देऊ करताना 'कॅन आय हेल्प?' पुरे. ती नको असेल तर कोरडं 'नो' लागतं समोरच्याला. 'नो थँक्स, आय कॅन मॅनेज' म्हणजे आपलं "राहू दे, करते मी". आणि आपल्यालाच जमणार नसेल तर 'आय ॲम अफ्रेड आय कान्ट, आय हॅव अ व्हायवा टुमॉरो.' यात भीतीबिती काही नाही हं, व्हायवाची सोडून.