गवत कापण्याचे वापरलेले यंत्र घेताना

पाऊस ओसरला म्हणजे गोव्यातील गावोगावच्या क्रीडांगणांवर गुडघाभर गवत माजलेले दिसते. फुटबॉलचे सामने तोंडावर आलेले असतात आणि कोयत्याने सारे मैदान साफ करण्यास माणसे मिळत नाहीत. अशा वेळी एखाद्या हॉटेलने काढून टाकलेले इंजिनचे यंत्र अल्प किमतीत घेण्याचा विचार पंचायत, शाळा किंवा क्रीडामंडळ करते. विचार योग्य आहे. मात्र पारख न करता घेतलेले यंत्र दुरुस्तीच्या खर्चाने नव्याहूनही महाग पडते.

गवत कापण्याचे यंत्र इंग्लंडमधील एडविन बडिंग याने १८३० साली सिद्ध केले. त्यातील फिरत्या रुळावरची पाती कात्रीप्रमाणे गवत छाटीत. या पद्धतीची यंत्रे नेहमी निगा राखलेल्या हिरवळीसाठी उत्तम. पावसाळ्यात वाढलेल्या राठ गवतास ती मानवत नाहीत. त्यासाठी आडवे पाते वेगाने फिरवणारे यंत्रच घ्यावे.

यंत्राचे वय किती, यापेक्षा ते किती तास चालले हे महत्त्वाचे. मोठ्या यंत्रांवर तास मोजणारे मीटर असते. ते नसल्यास मुठी, चाके आणि पाते यांची झीज पाहावी. नवा रंग पाहून भुलू नये.

पाहणीस जाताना इंजिन थंड असावे, असे विक्रेत्यास आधीच कळवावे. तापवून ठेवलेले इंजिन सहज सुरू होते व दोष झाकला जातो. प्रथम ऑइल पाहावे. त्यात धातूचे चमकते कण दिसल्यास आतील भाग झिजले आहेत, आणि ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे, असे समजावे. फोर-स्ट्रोक इंजिन तापल्यावरही निळसर धूर सोडीत राहिले, तर ते ऑइल जाळीत आहे. काळा धूर बहुधा तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे येतो. तो दोष किरकोळ आहे.

यानंतर इंजिन बंद करावे, प्लगची वायर काढून ठेवावी आणि मगच खालची बाजू तपासावी. पाते थेट इंजिनच्या दांड्यावर बसवलेले असल्यास दुसऱ्याकडून दोरी सावकाश ओढवून, स्वतः दूर राहून, दांड्याचे टोक पाहावे. ते डोलत असेल तर पाते कधीतरी दगडावर आदळून दांडा वाकला आहे. असे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. पात्यावरचे लोखंडी आवरण गंजून फुटले असल्यास त्यातून उडालेला खडा माणसास जखमी करू शकतो.

हँडल सोडताच पाते थांबते काय, हेही पाहावे. अमेरिकेत १९८२ पासून घरगुती वापराच्या, मागून चालत ढकलण्याच्या यंत्रांना ३ सेकंदांत पाते थांबण्याचे बंधन आहे. ही सोय मोडलेली किंवा तारेने बांधून ठेवलेली आढळल्यास ती दुरुस्त झाल्यावाचून व्यवहार करू नये.

शेवटी मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा, त्याचे पाते, पट्टा व फिल्टर जवळच्या बाजारपेठेत मिळतात याची खात्री करावी, आणि आढळलेले दोष लिहून पावती घ्यावी. पैसा सार्वजनिक आहे, आणि यंत्रामागे चालणारा कामगार आपल्याच गावचा आहे. या दोन्हींसाठी पाहणीत अर्धा दिवस गेला तरी तो सत्कारणी लागला, असेच म्हणावे लागेल.