हाताची हालचाल ओळखणारे यंत्र : स्नायूंच्या विद्युत्संकेतांचा परिचय

नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे शेतीवर जगणारे आहेत. सोयाबीनच्या मळणीचे दिवस आले की मळणी यंत्रे अहोरात्र चालतात. कडबाकुट्टी यंत्र व रसवंतीचा चरक यांवरही माणसे रोज हाताने काम करीत असतात. बाहीचे टोक किंवा लुगड्याचा पदर ओढला जाण्यास क्षणभर पुरतो. जखम कालांतराने भरून येते. परंतु ज्याचा चरितार्थ हातावर चालतो, त्याच्या घराची घडी हात गेल्याने विस्कटते. अशा रुग्णांसाठी स्नायूंतील विद्युत्संकेत ओळखून चालणाऱ्या कृत्रिम हाताविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. त्यामागील शास्त्र कोणते व त्यात रुग्णालयाचा वाटा कोणता, याचा थोडक्यात परिचय प्रस्तुत लेखात करून देत आहोत.

हात गेला, तरी संकेत उरतो

बोटे हलविणारे अनेक प्रमुख स्नायू पंजात नसून कोपर व मनगट यांच्या दरम्यान असतात. वाचकांनी डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा भाग धरून उजव्या हाताची मूठ आवळून पाहावी. त्वचेखालील हालचाल लगेच जाणवेल. त्यामुळे मनगटाजवळ हात तुटला तरी यांपैकी बराच स्नायुभाग शिल्लक राहतो. रुग्णाने नसलेली मूठ मिटण्याचा विचार केला, की मेंदूची आज्ञा मज्जातंतूंवाटे त्या स्नायूंपर्यंत पूर्वीप्रमाणेच पोहोचते व ते आकुंचन पावतात. पक्षाघाताच्या काही रुग्णांतही हालचाल डोळ्यांना दिसत नसताना क्षीण संकेत मिळू शकतो. व्यायामोपचाराच्या वेळी तो पडद्यावर दाखविला, तर आपला प्रयत्न वाया जात नाही हे रुग्णास कळते.

संकेत कसा टिपतात

हृदयाच्या विद्युत्क्रियेचा आलेख म्हणजे ईसीजी, त्याप्रमाणे स्नायूंच्या विद्युत्क्रियेचा आलेख म्हणजे ईएमजी. त्वचेवर चिकटविलेल्या इलेक्ट्रोडना मिळणारा हा संकेत फार लहान, साधारणतः काही मिलिव्होल्टपर्यंतचा असतो. त्याची उपयुक्त कंपने मुख्यत्वे सेकंदाला २० ते ५०० या पट्ट्यात येतात. म्हणून सेकंदाला १००० किंवा अधिक वेळा त्याचे मोजमाप घेणे योग्य ठरते. आपल्या घरगुती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणजे ती नेमकी याच पट्ट्यात पडते. जवळचा पंखा किंवा ट्यूबलाइट संकेतात मिसळू नये, यासाठी गाळण करावी लागते. काही उपकरणांत हाताची गती व दिशा मोजणारे संवेदकही जोडलेले असतात.

यंत्र कसे शिकते

मूठ मिटताना व उघडताना निरनिराळ्या स्नायूंचा जोर निरनिराळा असतो. हा भेद नियम लिहून यंत्रास सांगणे अवघड आहे. म्हणून उदाहरणे दाखवून शिकविण्याची रीत पडली. रुग्णास प्रत्येक हालचाल अनेक वेळा करावयास सांगतात. मिळालेल्या संकेताचे सुमारे २०० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात व प्रत्येक तुकड्यातून काही मोजमापे काढतात : संकेताची सरासरी तीव्रता किती, तो शून्यरेषा किती वेळा ओलांडतो, त्याचा चढउतार किती वेळा बदलतो, त्याच्या रेषेची एकूण लांबी किती. कॅनडातील हजिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेली ही मोजमापे आजही वापरात आहेत. त्यांवरून ‘ही मूठ’, ‘ही चिमूट’ असा निवाडा संगणक करतो. निवाड्यास सुमारे ३०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागल्यास कृत्रिम हात मागे पडल्यासारखा वाटतो.

टक्केवारीचा अर्थ

‘९५ टक्के अचूकता’ असे वाचले की काम झाले असे वाटते. परंतु यंत्र दर ५० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला २० निवाडे देत असेल, तर ९५ टक्क्यांचा अर्थ सेकंदाला सरासरी एक चूक असा होतो. हातात चहाचा पेला असेल, तर त्यांपैकी एखादी चूकही महाग पडेल. म्हणूनच लागोपाठच्या अनेक निवाड्यांचे बहुमत घेऊन मगच हात हलविण्याची पद्धत आहे.

दुसरी बाब परीक्षेची. एकाच बैठकीतील तुकडे सरमिसळ करून काहींवर शिकविले व उरलेल्यांवर तपासले, तर गुण हमखास चांगले पडतात. पाठ केलेलाच प्रश्न परीक्षेत यावा तसा हा प्रकार होय. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी, इलेक्ट्रोड पुन्हा लावल्यावर व हात वेगळ्या स्थितीत धरल्यावर लागते. इलेक्ट्रोड थोडासा सरकला, स्नायू थकला किंवा घाम आला तरी संकेत बदलतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, हे येथे विसरून चालणार नाही.

कोणाच्या हातावर शिकले?

अभ्यासकांत बराच वापरला जाणारा, हाताच्या सहा पकडींचा एक खुला संग्रह अवघ्या ५ निरोगी व्यक्तींचा असून त्यांचे वय २० ते २२ वर्षे होते. ‘निनाप्रो’ या प्रसिद्ध संग्रहाविषयी २०१४ मध्ये जे प्रकाशित झाले, त्यात ६७ व्यक्ती अखंड हातांच्या व ११ कोपराखाली हात गमावलेल्या होत्या. हे कार्य मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु तरुण विद्यार्थ्याच्या हातावर शिकलेले यंत्र पन्नाशीतल्या शेतमजुराच्या थोट्या हातावर तसेच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. तेथे व्रण असतात, स्नायू रोडावलेले असतात. पकडीही आपल्या जीवनातील हव्यात : घागरीचा काठ धरणे, भाकरीचा तुकडा मोडणे, पेंढी आवळणे, सायकलचा ब्रेक दाबणे.

रुग्णालयाचे कार्य

या विद्येची पहिली पायरी प्रयोगशाळेत नसून शस्त्रक्रियागृहात आहे, असे आम्हांस वाटते. हात काढणे अटळ असेल तेव्हा सुरक्षितपणे राखता येईल तेवढी लांबी राखणे, स्नायूंची टोके सैल न सोडता योग्य ताणावर बांधणे, व्रण बरा होताच नसलेला पंजा उघडण्या-मिटण्याचा सराव रुग्णास शिकविणे, या तीन गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. मात्र पुढे मिळणारा संकेत बव्हंशी त्यांवर अवलंबून राहतो. रुग्णास असा हात काही वर्षांनी मिळो वा कधीच न मिळो, साध्या कृत्रिम हातासाठीही हीच तयारी उपयोगी पडते.

दुसरी पायरी सहकार्याची. नांदेडजवळ विष्णुपुरी परिसरात १९८१ मध्ये स्थापन झालेली श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तेथेच आहे. लातूर येथेही शासकीय वैद्यकीय शिक्षणाची सोय आहे. गणित जाणणारे व रुग्ण जाणणारे एकाच भागात आहेत. रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती घेऊन, त्याचे नाव गुप्त राखून, येथील हातांचे संकेत नोंदविले गेले, तर येथील यंत्र येथील माणसास ओळखू लागेल. परदेशी बनावटीच्या विद्युत्चलित हातास अनेक लाख रुपये लागतात; ते आमच्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहेत. स्वस्त हात उद्या तयार झाला, तरी तो आमच्या रुग्णांच्या संकेतांवर शिकलेला नसेल तर कपाटातच पडून राहील.

दात्यांनी व हितचिंतकांनी यंत्राच्या किमतीबरोबरच सराव, दुरुस्ती व पाठपुरावा यांच्या खर्चाचाही विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. आणि मळणीच्या हंगामात यंत्रावर बसणाऱ्यांनी बाह्या वर सारून, पदर खोचून, पट्ट्यावर झाकण असल्याची खात्री करूनच काम सुरू करावे. देवाने दिलेल्या हाताची बरोबरी करील असा हात अद्याप कोणीही घडविलेला नाही.