स्मृतिभ्रंशावरील नवे औषध आणि आपली अधीरता

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने नुकताच विचारलेला प्रश्न पुनःपुन्हा विचारावा आणि अखेर पोटच्या मुलाचे नावही त्याला आठवू नये, अशी वेळ ज्या कुटुंबावर येते, ते नव्या औषधाची वार्ता किती आतुरतेने शोधते हे मी नित्य पाहतो. म्हणूनच, सेरोटोनिनचा एक ग्राही रोखून स्मृती सुधारू पाहणाऱ्या प्रायोगिक औषधांविषयी वाचकांकडून जी विचारणा होते, तिचे उत्तर काहीसे विस्ताराने देणे मला अगत्याचे वाटते.

सेरोटोनिन शरीरात मुख्यतः आतड्यांत असते, मेंदूत फारच थोडे. परंतु त्याचा संदेश स्वीकारणारे ग्राही नाना प्रकारचे असून, त्यांपैकी सहाव्या क्रमांकाचा ग्राही जवळजवळ केवळ मेंदूतच आढळतो. तो रोखला असता ॲसिटिलकोलिनचा स्राव वाढतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. अल्झायमरच्या रोग्यात याच द्रव्याची उणीव असल्याने, त्याचा नाश थोपवणारे डोनेपेझिल आणि त्याचा स्राव वाढवणारे नवे औषध यांची जोडी उपकारक ठरावी, ही अपेक्षा सर्वथा सयुक्तिक होती.

डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीने आयडालोपिर्डीन हे असे औषध 278 रोग्यांवर 24 आठवडे आजमावले. शब्दांची यादी आठवणे, समोर धरलेल्या वस्तूंची नावे सांगणे, सांगितलेली कृती करून दाखवणे, अशा परीक्षेच्या 70 गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणारे रोगी इतरांपेक्षा दोन गुणांहून किंचित सरस ठरले. 2014 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि आशा उंचावल्या. पुढे तीन मोठ्या चाचण्यांत मिळून 2,525 रोगी घेतले गेले, आणि औषधाचा गंधही नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांहून औषध घेणाऱ्यांना काडीचाही अधिक लाभ झाला नाही, असे 2018 च्या आरंभी जाहीर झाले. त्याच जातीचे इंटेपिर्डीन 2017 मध्ये निष्फळ ठरले होते. हैदराबादच्या सुवेन कंपनीचे मासुपिर्डीनही 2019 मध्ये स्मृती सुधारण्याच्या कसोटीस उतरले नाही, आणि पुढे रोग्याच्या अस्वस्थतेवर, चिडचिडीवर त्याचा उपयोग होतो का याची परीक्षा हाती घेण्यात आली. पहिल्या चाचणीत कोणी लबाडी केली असे कृपा करून समजू नये. अल्पसंख्य रोग्यांत योगायोगही गुण आल्यासारखा भासतो, आणि तो निवडून काढण्यासाठीच मोठी चाचणी लागते.

तेव्हा माझे सांगणे स्पष्ट आहे. नव्या औषधाच्या आशेने चालू गोळ्या परस्पर बंद करू नका, आणि मंजुरी नसलेले औषध परदेशातून मागवू नका. चाचणीत सहभागी व्हावयाचे असल्यास, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नोंदवहीत तिची नोंद आहे काय आणि नीतिसमितीची मंजुरी आहे काय, याची खातरजमा करा. संमतिपत्र आपल्या भाषेत मागून घेऊन सावकाश वाचा, आणि चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याची तुम्हांस मुभा आहे हे ध्यानात ठेवा. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व नुकसानभरपाई यांची तरतूद 2019 च्या नियमांत आहे.

दरम्यान जे हाती आहे त्याची हयगय नको. ब-12 जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा मंदपणा आणि बहिरेपणा यांनी विस्मरण वाढते, आणि या तिहींवर इलाज आहे. त्याहून अधिक दुर्लक्ष होते ते घरातल्याच औषधांकडे: सर्दी-खाजेवरच्या गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्या, लघवीची घाई आवरण्यासाठी दिलेली काही औषधे, ही ॲसिटिलकोलिनचेच कार्य अडवतात, म्हणजे एका हाताने डोनेपेझिल द्यावे आणि दुसऱ्या हाताने त्याचा गुण काढून घ्यावा, असा प्रकार घडतो. म्हणून पुढच्या भेटीस जाताना रोग्याच्या उशाशी, फडताळात, देव्हाऱ्याजवळ असलेल्या झाडून साऱ्या गोळ्या एका पिशवीत भरून आपल्या डॉक्टरांपुढे ठेवा, आणि यांतली कोणती कमी करता येईल हे त्यांना अवश्य विचारा.