सिनेमातली मांजर आणि आमची मनी

मांजर हा पाळीव प्राणी आहे. वाघ, सिंह, चित्ता हे मांजराच्याच कुळातले. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने 'मायामच्छिंद्र' हा बोलपट काढला. त्यात राणी झालेल्या दुर्गाबाई खोटे यांच्याजवळ खराखुरा चित्ता होता.

टीव्हीवरचा टॉम बोका मात्र खरा नाही. तो १९४० साली अमेरिकेत हॅना आणि बार्बेरा यांनी तयार केला. चित्रे काढून ती एका सेकंदाला २४ अशी भराभर दाखवतात, म्हणून टॉम पळताना दिसतो. जेरी उंदीर त्याला तव्याने मारतो, तरी तो लगेच उठतो.

ते बघून मी आमच्या मनीच्या शेपटीला डबा बांधला. मनी घाबरून पळाली आणि माळवदावरून पडली. तीन दिवस लंगडत होती. तेवढ्यात उंदरांनी ज्वारीचे पोते कुरतडले. आजी म्हणाली, "लेकरा, चित्राला लागत नसतंय. हिला लागतंय." मला लई वाईट वाटलं. आता मी मनीला रोज दुधात भाकर कुस्करून देतो.

मित्रांनो, टॉमला बघून खुशाल हसा, पण खऱ्या मांजराला त्रास देऊ नका.

– इयत्ता ४ थी