शर्यतीचा मार्ग कसा मोजतात?

१९८१ साली न्यूयॉर्कची मॅरॅथॉन अल्बर्टो सालाझार याने २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांत जिंकली. जगातील सर्वोत्तम वेळ म्हणून तिचा गौरव झाला. पुढे तो मार्ग पुन्हा मोजला, तेव्हा सुमारे १५० मीटर आखूड भरला, उच्चांक गेला. यात धावणाऱ्याचा दोष तो कोणता?

म्हणून मार्ग आधी प्रमाणित करून घ्यावा लागतो. मोटारीवरील आकडा येथे कामाचा नाही. सायकलच्या पुढील चाकाला ‘जोन्स गणक’ हे चिमुकले यंत्र बसवितात. ते चाकाच्या फेरीचे बारीक अंश मोजते. प्रथम पोलादी टेपने आखलेल्या, निदान ३०० मीटर लांबीच्या सरळ पट्ट्यावरून सायकल चार वेळा नेऊन तेवढ्या अंतरास किती अंक पडतात ते पाहतात. मोजणी संपताच पुन्हा चार वेळा. कारण ऊन चढले की चाकातील हवा प्रसरण पावते, चाक किंचित वाढते आणि अंक कमी पडतात. कलाशाखेच्या आम्हांलाही हे विज्ञान मोठे गोड वाटते!

वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर राखून, नियमांत बसेल असा सर्वांत जवळचा रस्ता धरावयाचा. एवढे करूनही मार्ग आखूड भरू नये, यासाठी दर किलोमीटरास १ मीटर जादा घालतात. मॅरॅथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरांत हे ४२ मीटर होतात.